जंतू मारायचे आणि दाहही आवरायचा: पेप्टाइडांच्या दुरुस्त्या

रेझिनवाली

प्रतिजैविकांच्या धाग्यावर मृगजळ यांनी विचारलं होतं, "पेप्टाइड औषध म्हणजे ते वजन उतरवायचं इंजेक्शनच ना?" उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, प्रथिनाचं धाकटं भावंड. मी पुण्यात पेप्टाइडं बनवण्याच्या कामात आहे, डॉक्टर नाही. रेणूपर्यंतचं मी सांगते, रुग्णापासून पुढचं इथली डॉक्टर मंडळी सांगतील.

गांधीलमाशीपासून सुरू करू. व्हेस्प्युला लेविसी या जातीच्या विषात मॅस्टोपॅरान-एल नावाचं १४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड असतं. ते आपल्या प्रतिकारशक्तीतल्या मास्ट पेशींना आतलं हिस्टामिन बाहेर ओतायला लावतं. चावा लाल होऊन टरारतो, त्यात याचा हात असतो. म्हणजे हे पेप्टाइड स्वतःच दाह पेटवणारं. ते जंतूही मारतं, पण माणसाच्या पेशीही सोडत नाही. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सेझर दे ला फुएन्ते यांच्या गटाने त्याच्या सुरुवातीच्या टोकाकडे एक छोटा तुकडा बसवला. जंतू मारणाऱ्या आणि प्रतिकारशक्तीला वळण देणाऱ्या इतर नैसर्गिक पेप्टाइडांमध्ये हा तुकडा पुन्हापुन्हा सापडतो. नव्या रेणूचं नाव मास्ट-एमओ. त्याने जंतूंचं बाहेरचं आवरण झपाट्याने सच्छिद्र केलं, उंदरांमध्ये पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी जास्त खेचल्या आणि दाहही आटोक्यात ठेवला. माणसाच्या पेशींना होणारा उरलासुरला त्रास पुढच्या अदलाबदलीत काढला.

मला यात जंतू मेले याचं फारसं कौतुक नाही. जंतू तर फिनेलनेही मरतात. दाह पेटवणारा रेणू चार-पाच अमिनो आम्लांच्या फेरफाराने दाह आवरणारा होतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता ही पेप्टाइडं मारतात कशी? जीवाणूच्या आवरणावर बाहेरून ऋण भार जास्त असतो. आपल्या पेशीचा बाहेरचा पदर बराचसा उदासीन, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल. पेप्टाइडावर धन भार असतो (लायसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं), म्हणून ते जीवाणूकडे ओढलं जातं. चिकटलं की त्याची तेलकट बाजू आवरणात घुसते आणि आवरण फाटतं. तेलकटपणा कमी पडला तर जंतू मरत नाहीत आणि वाढला तर आपल्या तांबड्या पेशी फुटतात. आमचं निम्मं आयुष्य या दोन टोकांमध्ये जातं.

मृगजळ

वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली). गांधीलमाशी एवढी कामाची असेल असं वाटलं नव्हतं.

शंकासुर

लेख छान. पण दर दोन वर्षांनी पेपरात येतं: बेडकाच्या कातडीत औषध, मगरीच्या रक्तात औषध, आता गांधीलमाशी. मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय. औषधाच्या दुकानात त्यातलं काय मिळतं? माझ्या मते उंदरांना बरं करण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

रेझिनवाली

शंकासुरराव, टोला रास्त आहे. बेडकाची गोष्ट सांगते, तीत तुमच्या बाजूचाच पुरावा आहे.

अमेरिकेत मायकेल झासलॉफ आफ्रिकी नखवाल्या बेडकांची अंडाशयं शस्त्रक्रियेने काढून घेत असत, अंड्यांवर दुसरंच काही संशोधन चालू होतं म्हणून. टाके घालून बेडूक परत टाकीत. टाकीतलं पाणी जंतूंनी भरलेलं, तरी जखमा न चिघळता भरून यायच्या. त्यांनी कातडीत शोध घेतला आणि १९८७ मध्ये मॅगेनिन ही पेप्टाइडं जाहीर केली. पुढे मॅगेनिनमध्ये धन भार वाढवून २२ अमिनो आम्लांचं पेक्सिगानान बनवलं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी मलम म्हणून. चाचण्यांत ते तोंडाने घ्यायच्या ऑफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या जवळपास उतरलं, पण अमेरिकी नियामकाने १९९९ मध्ये परवानगी नाकारली. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कंपनीने तेच पुन्हा उचललं. २०१६ मध्ये त्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा औषध घातलेलं मलम आणि औषध नसलेलं मलम यांत फरक दिसला नाही.

यादी अजून वाढवता येईल. डुकराच्या पांढऱ्या पेशींतल्या प्रोटेग्रिनवरून रचलेलं म्युरेपाव्हाडिन स्यूडोमोनास या जीवाणूवर फार नेमकं चालायचं. शिरेतून द्यायच्या चाचण्या २०१९ मध्ये मूत्रपिंडांना इजा होते म्हणून थांबवल्या.

पण दुकानात काहीच नाही असंही नाही. कोलिस्टिन, पॉलिमिक्सिन बी, डॅप्टोमायसिन, व्हॅन्कोमायसिन ही सगळी पेप्टाइडं किंवा त्यांचीच भावंडं. आयसीयूत रोज वापरली जातात. ती जीवाणूंकडून आली म्हणून आपण त्यांना "अँटिबायोटिक" म्हणतो, एवढंच.

सोलापुरी_डॉक

पेक्सिगानानचं मला अजिबात नवल वाटलं नाही. ज्यांनी डायबेटिक फूट धुतला आहे त्यांना विचारा.

आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा जखम तीन महिने जुनी असते. पायातली संवेदना गेलेली, त्यामुळे खिळा रुतला तरी कळलेलं नसतं. रक्तपुरवठा कमी. जंतू बायोफिल्म करून चिकट थराखाली दडलेले. आणि जखम दाहाच्या पायरीवरच अडकून पडलेली. पुढे मांस भरायचं ते भरतच नाही. पांढऱ्या पेशी येतात, इलॅस्टेजसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइमं सोडतात, ती जंतूंबरोबर आपलंही नवं मांस खातात. अशा पुवात तुमचं नाजूक पेप्टाइड टाकलं तर ते किती मिनिटं टिकणार? जंतूंचीही स्वतःची एन्झाइमं आहेतच.

पायावरचा भार काढणं, मेलेलं मांस कापणं, साखर आणि रक्तपुरवठा बघणं, हे न करता कुठलंही मलम चालत नाही. आणि हे सगळं नीट केलं, तर साधं मलम लावलेला गटही बरा होतो. मग औषधाचा वेगळा फायदा दाखवायचा कसा?

रेझिनवालीताई, टिकण्यासाठी काय करता ते जरा सविस्तर लिहा.

रेझिनवाली

डॉक्टरसाहेब, नेमक्या जागी बोट ठेवलंत.

ट्रिप्सिन आणि त्याच्या जातीची एन्झाइमं साखळी कुठे कापतात? लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे. आणि जंतू मारायला आम्हाला हवं काय? लायसिन आणि आर्जिनिन. म्हणजे ज्या अमिनो आम्लांच्या जोरावर पेप्टाइड जंतूला चिकटतं, तिथेच त्याच्यावर सुरी चालते. बाकी सगळ्या दुरुस्त्या यातून वाट काढण्यासाठी.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती टोकांची: शेपटाकडच्या टोकाला अमाइड हा रासायनिक गट बसवायचा. एक ऋण भार जातो आणि टोकाकडून कुरतडणाऱ्या एन्झाइमांना पकड मिळत नाही. गांधीलमाशीने हे स्वतःच केलेलं आहे, मॅस्टोपॅरानच्या टोकाला अमाइडच असतो.

दुसरी दुरुस्ती आरशातली. निसर्गातली प्रथिनं एल-रूपातल्या अमिनो आम्लांची, एन्झाइमांची खोबण त्यांच्याच मापाची. डी-रूप, म्हणजे त्यांची आरशातली प्रतिमा, वापरलं की ते डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घातल्यासारखं होतं आणि एन्झाइम हात लावत नाही. १९९० मध्ये मेरिफिल्ड आणि बोमन यांच्या गटांनी सेक्रोपिन, मॅगेनिन वगैरे पूर्ण डी-रूपात बनवून पाहिली, तर जंतू तितकेच मेले. त्यावरून कळलं की ही पेप्टाइडं कुठल्या कुलपाची किल्ली नाहीत, थेट आवरणच फाडतात. (हे तेच मेरिफिल्ड, ज्यांनी रेझिनच्या मण्यांवर साखळी वाढवायची रीत काढली आणि १९८४ चं नोबेल मिळवलं. आमची पोटं त्यांच्यामुळे भरतात.)

पण इथेच खाच आहे. दाह आवरायचा तर बहुतेक वेळा एखाद्या प्रथिनाच्या खोबणीतच बसावं लागतं. तिथे आरशातलं रूप बसेलच असं नाही. म्हणजे जंतू मारण्याचं काम डी-रूपात शाबूत राहतं आणि दाहाचं काम हरवू शकतं. काही जण यावर क्रमही उलटा करतात आणि रूपही, म्हणजे बाजूच्या फांद्या साधारण मूळ जागी येतात. कधी जमतं, कधी नाही.

तिसरी, साखळीचं वलय करायचं किंवा तिला मधे टाचायचं, म्हणजे आकार पक्का राहतो आणि एन्झाइमला ती ताणून सरळ करता येत नाही.

चौथी, तेलाची शेपटी. मृगजळताई, वजनाच्या इंजेक्शनचा मुद्दा इथे येतो. आपल्या शरीरातलं जीएलपी-१ हे संप्रेरक दोनेक मिनिटांत निम्मं होतं, कारण डीपीपी-४ हे एन्झाइम त्याची सुरुवातीची दोन अमिनो आम्लं छाटतं. सेमाग्लुटाइडमध्ये (तेच वजनाचं इंजेक्शन) त्या जागी एक अनैसर्गिक अमिनो आम्ल घातलंय आणि मधे एक लांब स्निग्धाम्ल टांगलंय, जे रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतं. दोन मिनिटांवरून आठवडा. हीच शेपटी जंतुमाऱ्या पेप्टाइडाला लावली की मात्र पंचाईत: ते अल्ब्युमिनला धरून बसतं आणि जंतूकडे फिरकत नाही, किंवा तेलकटपणा वाढून तांबड्या पेशी फोडतं.

पॉलिमिक्सिन बघा म्हणजे गंमत कळेल. त्यात वलय आहे, एक डी-अमिनो आम्ल आहे, तेलाची शेपटी आहे आणि लायसिनऐवजी आखूड हाताचं डायअमिनोब्युटिरिक आम्ल आहे, ज्याला ट्रिप्सिन दाद देत नाही. आमच्या सगळ्या क्लृप्त्या मातीतल्या एका जीवाणूने आधीच करून ठेवल्यात. त्याची शेपटी एन्झाइमने छाटली की नऊ अमिनो आम्लांचा तुकडा उरतो. तो जंतू मारत नाही, पण त्यांचं बाहेरचं आवरण सैल करतो, मग इतर प्रतिजैविकं आत शिरतात. विषारीपणाही कमी.

तिखटजाळ

एक बाळबोध प्रश्न. जंतूंमुळे सूज येते ना? मग जंतू मेले की सूज उतरेलच. दाहासाठी वेगळा खटाटोप कशाला?

सोलापुरी_डॉक

बाळबोध मुळीच नाही. यावर माणसं दगावतात.

ई. कोलाय, क्लेबसिएला अशा ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड असतं, आम्ही एलपीएस किंवा एंडोटॉक्सिन म्हणतो. आपल्या पांढऱ्या पेशींवरचे सीडी१४ आणि टीएलआर४ हे त्याचे पहारेकरी. टीएलआर४ चं हे काम उलगडल्याबद्दल ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जीवाणू फुटला की हे एलपीएस मोकळं होतं. म्हणजे प्रतिजैविकाने जंतू मेला तरी मेलेल्या जंतूचा कचरा शरीर पेटवत राहतो. सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात, ती पुष्कळदा आपल्याच प्रतिसादामुळे.

रोजच्या वापरातलं उदाहरण: जीवाणूंचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह. मोठ्या माणसांत संशय आला की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शक्यतो पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी किंवा बरोबर देतात. कारण तेच, जंतू फुटल्यावर उसळणारा दाह आधीच आवरायचा.

पण स्टेरॉइड म्हणजे सगळीच फौज झोपवणं. आणि नुसतं टीएलआर४ अडवूनही भागत नाही. एरिटोरान नावाच्या औषधाने तेच केलं, पण सेप्सिसच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत.

रेझिनवाली

पेप्टाइडाचा दावा इथे वेगळा पडतो. एलपीएसवर ऋण भार असतो, त्यामुळे जंतूला चिकटणारं पेप्टाइड मोकळ्या एलपीएसलाही धरू शकतं.

स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात आर्टुर श्मिट्चेन यांचा गट यावर बरीच वर्षं आहे. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनचे जखमेत तुकडे होतात आणि त्याच्या शेवटच्या टोकाचे तुकडे जंतूंशीही लढतात, एलपीएसही धरतात आणि सीडी१४ लाही अडवतात. त्या टोकाचं २५ अमिनो आम्लांचं टीसीपी-२५ त्यांनी जेलमध्ये घातलं. २०२० मध्ये उंदरांवरचे आणि डुकरांवरचे निकाल आले: जखमेतले जंतूही कमी, दाहही कमी. डुकराची कातडी माणसाच्या बरीच जवळची, म्हणून मी हे उंदरांच्या वरचं मानते. पुढे माणसांवर पहिल्या टप्प्यातली सुरक्षिततेची चाचणीही झाली.

दुसरं टोक कॅनडात. व्हँकुव्हरला रॉबर्ट हॅनकॉक यांच्या गटाने २००७ मध्ये आयडीआर-१ जाहीर केलं. १३ अमिनो आम्लं. ताटलीत टाकलं तर एकही जंतू मरत नाही! तरी संसर्ग झालेले उंदीर वाचले, कारण ते पेप्टाइड पांढऱ्या पेशींना कामाला लावतं आणि दाहाचा अतिरेक मात्र होऊ देत नाही. या घराण्यातलं डस्क्वेटाइड कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटतं त्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, पण २०२० मध्ये मुख्य निकषावर उतरलं नाही. शंकासुररावांच्या आधी मीच सांगून टाकते.

आणि आपल्या अंगातलं एलएल-३७ हे पेप्टाइड तर दुतोंडी. एलपीएसला धरून दाह शमवतं. पण सोरायसिसच्या कातडीत तेच आपल्या स्वतःच्या डीएनएला गुंडाळतं आणि प्रतिकारपेशींना वाटतं की विषाणू आला. २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. तेव्हा "शरीरातलंच आहे, म्हणजे सुरक्षित" हे कोणी म्हणालं की मी कान टवकारते.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्यकाची भर. कोलिस्टिन आमच्याकडे वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या खाद्यात जायचं, नुसती वाढ चांगली व्हावी म्हणून. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. ते एका जीवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं आणि एलपीएसचा ऋण भार कमी करतं, म्हणजे कोलिस्टिनला पकडच मिळत नाही. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. शेवटचं औषध म्हणून आयसीयूत राखून ठेवलेला रेणू आपण कोंबड्यांना चारत होतो, यावर काय बोलायचं.

चांगल्या बाजूला नायसिन आहे. दह्या-दुधातल्या जीवाणूंकडून आलेलं पेप्टाइड, चीझमध्ये टिकवण्यासाठी घालतात. परदेशात गाईंची सडं पुसायलाही वापरलंय.

शंकासुर

हे बरं झालं निघालं. झासलॉफ वगैरे मंडळी म्हणायची ना, की पेप्टाइडांना जंतू सरावणार नाहीत, कारण आख्खं आवरण बदलणं जंतूला परवडणार नाही?

रेझिनवाली

म्हणायचे, आणि त्यावर पैजही झाली! ग्रॅहॅम बेल या उत्क्रांतीच्या अभ्यासकाने आव्हान दिलं, झासलॉफनी स्वीकारलं. ई. कोलाय आणि स्यूडोमोनासच्या वंशावळी पेक्सिगानानच्या हळूहळू वाढत्या मात्रेत वाढवल्या. ६०० ते ७०० पिढ्यांत २४ पैकी २२ वंशावळी सरावल्या. निबंध २००६ मध्ये आला, त्यावर झासलॉफ यांचंही नाव आहे. पैज हरून निबंधाखाली सही करणारा माणूस मला आवडतो.

त्यात एक भीतीही आहे. औषधाला सरावलेला जंतू आपल्या स्वतःच्या एलएल-३७ आणि डिफेन्सिनलाही दाद देईनासा झाला तर? म्हणून आयडीआर-१ सारखी, जंतूला न छेडता आपल्या पेशींना हाताशी धरणारी वाट मला जास्त शहाणी वाटते. जंतूला ज्याचा त्रासच नाही, त्याला तो सरावणार कशाला?

शंकासुर

पैजेसाठी दंडवत. बाकी शंका राखून.

दंडबैठक

आमच्या जिममध्ये एक जण बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड आणि हे एलएल-३७ यांच्या कुप्या विकतो. पावडर असते, पाणी घालून पोटावर टोचायची. म्हणतो सूज उतरते, इन्फेक्शन होत नाही. खांदा दुखतोय, घेऊ का?

सोलापुरी_डॉक

नाही.

सविस्तर हवं असेल तर: कुपीवर "फक्त संशोधनासाठी" लिहिलेलं असेल, ते वाचा. बीपीसी-१५७ ला अमेरिकी नियामकाने २०२३ मध्ये सुरक्षिततेबद्दल शंका असलेल्या यादीत टाकलं होतं आणि खेळाडूंसाठी ते २०२२ पासून प्रतिबंधित आहे. एलएल-३७ चं ताईंनी वर लिहिलंच आहे. खांदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

रेझिनवाली

+१. आणि बनवणाऱ्या बाजूने सांगते: पावडर ९८ टक्के शुद्ध आहे असा कागद दाखवला तरी त्यात एंडोटॉक्सिन किती, हे त्या कागदावर नसतं. सूज उतरायला म्हणून टोचाल आणि एलपीएसच टोचून घ्याल.

दंडबैठक

बरं. नाही घेत. 🙏

सूक्ष्मदर्शी

नमस्कार, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, नांदेडला. याच विषयावर प्रकल्प करायचा विचार आहे. पैसे फार नाहीत. कुठून सुरुवात करू? आणि अजून आशा आहे का या क्षेत्रात?

रेझिनवाली

आशा आहे. जानेवारी २०२४ मध्ये झोसुराबाल्पिनचे निबंध आले: वलयाकार पेप्टाइडाच्या घराण्यातलं, कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या अॅसिनेटोबॅक्टर जीवाणूवर चालणारं. एलपीएस आतून बाहेरच्या आवरणाकडे नेणारी यंत्रणाच ते बंद पाडतं. मूळ रेणू रक्तद्रव सहन करत नव्हता, भारांची फेरमांडणी करून तो अडसर काढला.

सुरुवात फुकटात होते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने कॅम्प नावाचा जंतुमाऱ्या पेप्टाइडांचा माहितीसंग्रह केलाय, २०१० पासून जगभर वापरतात. तिथे अमिनो आम्लांचा क्रम घालून जंतू मारण्याची शक्यता तपासता येते. एक आखूड पेप्टाइड निवडा, एकाच जागी बदल केलेली दोन-तीन रूपं बनवून घ्या. वीस रूपांच्या मोहात पडू नका.

प्रयोगातल्या काही गोष्टी पुस्तकात ठळक लिहिलेल्या नसतात:

धन भाराची पेप्टाइडं पॉलिस्टायरीनच्या ताटलीला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन वापरा, नाहीतर औषध ताटलीवर आणि जंतू मजेत.

विकतच्या पेप्टाइडाबरोबर शुद्धीकरणातलं ट्रायफ्लुरोअॅसिटेट येतं, त्याने पेशी मरतात आणि दोष पेप्टाइडावर जातो. मागवतानाच अॅसिटेट किंवा क्लोराइड क्षार मागा.

नुसत्या माध्यमात जंतू मेले म्हणून हुरळू नका. शरीराइतकं मीठ आणि थोडं रक्तद्रव घालून पुन्हा बघा. बरीच नामांकित पेप्टाइडं इथेच मान टाकतात. तांबड्या पेशी फुटतात का, हे त्याच आठवड्यात तपासा.

दाह मोजायचा तर मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींना एलपीएस देऊन त्या सोडतात तो दाहाचा निरोप्या, टीएनएफ-अल्फा, मोजा. पण पेशी जिवंत आहेत ना, हे सोबत बघाच. मेलेल्या पेशी टीएनएफ बनवत नाहीत आणि आलेख मात्र सुंदर दिसतो.

सूक्ष्मदर्शी

खूप आभार ताई. पेप्टाइड एलपीएसबरोबर एकाच वेळी घालायचं की आधी-नंतर?

रेझिनवाली

तिन्ही करा. एकाच वेळी घातलं तर ते नळीतच एलपीएसला धरतं, त्यातून पेशीबद्दल काहीच कळत नाही. आधी घालून, धुऊन, मग एलपीएस दिलं आणि तरी टीएनएफ उतरला, तर ते पेशीवर काम करतंय. तासाभराने घालूनही उतरला, तर इथे येऊन सांगा. डॉक्टरसाहेबांचा पेशंट नेहमी तासाभरानंतरच येतो.

सोलापुरी_डॉक

तासाभराने? आमच्याकडे दोन दिवसांनी येतो, आधी हळद लावून.